घरात काय काय ढिलं आहे

सुताराला मी स्पीकरसाठी बारा इंची भोकाची पेटी सांगितली तेव्हा त्यानं टेप गुंडाळत पहिला प्रश्न विचारला, "लग्न कोणाचं हाये?"

लग्न कोणाचंच नाही, घरात ऐकायला हवीय, असं म्हटल्यावर त्यानं माझ्याकडे जरा काळजीनं पाहिलं. पंगतीची कढई घरातल्या चार माणसांच्या भाजीला मागणाऱ्याकडे बघावं तसं. त्याचंही चूक नव्हतं. संभाजीनगर जिल्ह्यातल्या आमच्या गंगापुरात मोठा आवाज ही भाड्यानं आणायची वस्तू आहे. मंडप, खुर्च्या, पाण्याचे जार, घोडा आणि डीजे. बाकीच्या जगात डीजे म्हणजे गाणी वाजवणारा माणूस. आमच्याकडे डीजे म्हणजे वाहन. त्याला नंबर प्लेट असते, डिझेल लागतं आणि तो वळताना पुढं एक जण काठीनं तारा उचलत चालतो. सांगली-कोल्हापूरकडे याच चालत्या भिंतीला 'डॉल्बी' म्हणतात. रे डॉल्बी नावाच्या गृहस्थानं १९६५ साली कंपनी काढली ती टेपमधली खरखर घालवायला. नको असलेला आवाज कमी करण्यात ज्याचं आयुष्य गेलं, त्याच्या नावानं कृष्णाकाठी खिडक्यांच्या काचा तडकतात. नाव कमावणं म्हणतात ते असंही असतं.

मी वाळूजच्या एका कारखान्यात देखभाल विभागात आहे. आठ तास प्रेसमशिनची धाडधाड, कानात कंपनीचे बोळे. त्यामुळे घरी येऊन पुन्हा आवाजाचंच काम काढलं, हे कुणाला पटत नाही. हलवाई घरी जाऊन जिलेबी खात नाही, असा दाखला सासऱ्यांनी दिला. मी म्हटलं, तो आवाज कंपनीचा, हा माझा. बायको म्हणाली, "मग तिथलंच एखादं मशिन आणा की घरी. पेटी करायचा खर्च वाचेल."

खरं तर गंगापूरचं आणि दणदणाटाचं नातं माझ्याही आधीचं आहे. १९५५ साली नंदलाल धूत यांनी परदेशातून यंत्रं आणून गंगापूरला साखर कारखाना उभा केला असं सांगतात. पुढं त्याच घराण्यानं व्हिडिओकॉन काढली. पैठण रस्त्यावर चितेगावला तिचा कारखाना आला, आणि नव्वदच्या दशकात त्यांचा 'बझूका' टीव्ही घराघरांत घुमायला लागला. टीव्हीचं चित्र कसं का असेना, आवाज पोटात जाणवला पाहिजे, हे आमच्या भागाला तेव्हापासून पक्कं ठाऊक आहे. उसाच्या चरकातून बझूका निघाला, म्हणजे माझ्या बारा इंची पेटीला निदान तालुक्याची परंपरा तरी आहे.

माझी स्वतःची परंपरा मात्र माठातली. शाळेत असताना बंद पडलेल्या रेडिओतला चार इंची स्पीकर काढून मी तो माठाच्या तोंडावर उपडा ठेवला होता. ज्यांचं लहानपण त्या काळात गेलं त्यांना हे सांगायची गरज नाही. त्या वेळी प्रत्येक गल्लीत एक तरी माठ गात होता. दोन बँडच्या रेडिओतून दोन वायरी ओढायच्या, माठ खोलीच्या कोपऱ्यात ठेवायचा, की आकाशवाणीच्या औरंगाबाद केंद्राचा निवेदक एकदम विहिरीत उतरून बोलायला लागायचा. कोपऱ्यात ठेवला की जास्त घुमतो, हे कुणी शिकवलं नव्हतं. दोन भिंती आणि जमीन मिळून आवाज पुढं ढकलतात, हे शास्त्र नंतर कळलं. पोकळ भांड्यातल्या हवेला स्वतःचा एक ठरलेला सूर असतो, हे जर्मनीत हेल्महोल्ट्झनं एकोणिसाव्या शतकात पितळी गोळे कानाला लावून मांडलं. माझ्या माठाचाही असा एक सूर होता आणि तो त्याला फार आवडायचा. कुठलंही गाणं लावा, तेवढा एक सूर माठ गच्च धरून ठेवायचा. बाकीचे सोडून द्यायचा. वैशाखात आईला माठ लागला आणि माझं संशोधन थांबलं. पुढचे दोन महिने घरातल्या पाण्याला लोहचुंबकाचा वास येतो, असं आजी म्हणायची. लोहचुंबकाला वास नसतो, हे तिला सांगायची हिंमत घरात कुणाचीच नव्हती.

मधल्या काळात बाजारात पीएमपीओ नावाची गोष्ट आली. कॉम्प्युटरचे दोन चिमुकले स्पीकर, खोक्यावर छापलेलं १००० वॅट पीएमपीओ, आणि पाठीमागं अडॅप्टर बारा व्होल्ट एक अँपिअरचा. बारा गुणिले एक बारा. बारा वॅट आत जाऊन हजार वॅट बाहेर येत असतील, तर त्या कंपनीनं स्पीकर विकणं सोडून वीजकेंद्र काढायला हवं होतं. आमच्या घरातली इस्त्री ७५० वॅटची आहे. ती लावली की मीटरची चकती पळते आणि शर्ट तापतो. हजार वॅटच्या स्पीकरानं मात्र टेबलावरचा कागदसुद्धा हलायचा नाही. एखाद्या क्षणाच्या हजाराव्या हिश्शात, सगळं जुळून आलं आणि देव प्रसन्न असला, तर जो आकडा कागदावर निघेल तो पीएमपीओ. निवडणुकीच्या सभेतल्या गर्दीचे आकडेही याच पद्धतीनं काढतात. खरा आकडा आरएमएसचा, आणि तो खोक्यावर असलाच तर तळाशी, मुंगीच्या अक्षरात.

त्यामुळे या वेळी सगळं सुटं आणायचं ठरवलं. संभाजीनगरच्या जुन्या भागात, एका बोळात, एक चाचा आहेत. दुकान एवढं की आत चाचा असले तर गिऱ्हाईक बाहेर. आमची ओळख चव्वेचाळीस-चाळीसच्या जमान्यातली. एलए ४४४० ही आयसी माहीत नाही असा त्या वयातला इलेक्ट्रॉनिक्सवाला पोरगा महाराष्ट्रात सापडणार नाही. बारा व्होल्टवर चालणारी, मोटारसायकलच्या बॅटरीवरसुद्धा वाजणारी, गरिबाघरची ती अँप्लिफायर. चाचांना सांगितलं, आता मोठं पाहिजे. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "घर में लगाना है?" हो म्हटलं. "घर खुद का है ना? किराये का होता तो मैं देता नै."

त्यांनी टीडीए ७२९४ चा बोर्ड काढून दिला, चोवीस-शून्य-चोवीसचा पाच अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर दिला आणि तो हातात देण्याआधी दोनदा तोलून दाखवला. ट्रान्सफॉर्मर हा कलिंगडासारखा हातात घेऊन, वजन बघून घ्यायचा असतो. आत तांब्याची तार आहे की अॅल्युमिनियमची, हे वरून दिसत नाही, हाताला कळतं. चोवीस व्होल्ट डायोडांतून गेले आणि कपॅसिटरमध्ये साठले की दोन्ही बाजूंना चौतीसच्या आसपास होतात, आणि त्यावर आठ ओहमच्या वूफरला सत्तरेक वॅट मिळतात. खरे सत्तर. पीएमपीओच्या भाषेत सांगायचं तर गंगापूर तालुक्याचा पश्चिम भाग पुरता व्यापला जाईल एवढे.

वूफर मात्र पाहताक्षणी आवडला. बारा इंची, कागदी कोन, कडेला रबर, मागं ताटाएवढं चुंबक. अमेरिकेत राइस आणि केलॉग या दोघांनी १९२५ साली असा स्पीकर मांडला. चुंबक, त्याच्या फटीत तारेचं वेटोळं आणि वेटोळ्याला चिकटवलेला कोन. शंभर वर्षं झाली, माणूस चंद्रावर जाऊन आला, पण स्पीकर जवळपास आहे तसाच आहे. कागद पुढं-मागं हलवण्यापलीकडे जगाला आवाजाबद्दल फारसं काही सुचलेलं नाही, याचा मला का कोण जाणे, आधार वाटतो.

बसमध्ये तो वूफर मी मांडीवर घेतला होता. शेजारच्या बाईंनी विचारलं, "केवढ्याला पडला कुकर?" आकडा सांगितला तर म्हणाल्या, "फसवलं तुम्हाला."

खरी गंमत पेटीत. सुताराचा हात देव्हारा, दिवाण आणि किचन ट्रॉलीवर बसलेला. त्यानं नकाशा पाहिला आणि पहिली सुधारणा सुचवली: वर झाकण करू, म्हणजे उन्हाळी कपडे ठेवता येतील. सनमायका कोणत्या रंगाचा, कडी-कोयंडा पितळी की स्टीलचा, हेही विचारलं. मी सांगत होतो की आतून सोळा बाय सोळा बाय चौदा इंच माप तंतोतंत हवं, अठरा एमएमचा एमडीएफ हवा, सांधे हवाबंद हवेत. हवाबंद म्हणाल्यावर त्याचा चेहरा उजळला. "मग धान्यालाच करताय ना? आधी सांगायचं."

सोळा सोळा चौदा म्हणजे साधारण अठ्ठावन्न लिटर हवा. वूफर पुढं जातो तेव्हा ही हवा त्याला मागं ओढते, मागं येतो तेव्हा ढकलते. पेटीला एक नळी बसवली की माठाचीच गोष्ट पुन्हा सुरू होते, फक्त या वेळी सूर आपण ठरवायचा. कुठल्या वूफरला केवढी पेटी आणि केवढी नळी, याचं गणित नेव्हिल थील या ऑस्ट्रेलियन इंजिनिअरनं १९६१ मध्ये मांडलं. मी ते रात्री दोन वाजेपर्यंत बसून केलं, आणि चार इंची आठ इंच लांब नळीला चाळीस हर्ट्झच्या आसपासचा सूर येतो, असं उत्तर निघालं. सकाळी शेतीच्या सामानाच्या दुकानात जाऊन चार इंची पीव्हीसी पाइप मागितला. "किती लांब? वीस फूट का चाळीस?" आठ इंच. दुकानदारानं पोराला हाक मारली, "अरे, हे बघ, यांची विहीर केवढी हाये."

सुतारानं ती नळी बघून सांगितलं की उंदीर शिरेल. मी हसलो. पेटीच्या आत पिंजाऱ्याकडून आणलेला पिंजलेला कापूस लावला होता, आतल्या आत आवाज आपटून माघारी येऊ नये म्हणून. चार दिवस पेटी ओट्याखाली पडून होती. पाचव्या दिवशी सुताराचं भाकीत खरं ठरलं, आणि उंदराच्या दृष्टीनं बघायला गेलं तर गंगापुरात त्याहून चांगली जागा नव्हती: हवाबंद, कापूस घातलेली, पुढं गोल दरवाजा. त्यानं जागा सोडली ती पहिल्या गाण्याच्या पहिल्या ठोक्याला. एवढ्या वेगानं घर खाली करून घ्यायचं तंत्र घरमालकांना कळलं तर कोर्टातले निम्मे खटले संपतील.

पण ते पहिलं गाणं वाजायला आणखी आठवडा लागला. कारण अभ्रक.

७२९४ या आयसीच्या पाठीवर जो धातूचा पत्रा असतो तो आतून उणे व्होल्टला जोडलेला असतो. तो हीटसिंकवर थेट बसवायचा नाही. मधे अभ्रकाचा पापुद्रा आणि पांढरा मलम लावायचा. हे मला माहीत होतं. बावीस वर्षं कारखान्यात मी लोकांना हेच सांगत आलोय. पण अभ्रकाचा तुकडा खिशात राहिला, शर्ट धुवायला गेला, आणि मी उत्साहात बटन दाबलं. 'फट्' असा आवाज आला, वाटाण्याएवढा धूर वर गेला आणि घरातली लाईट गेली. गंगापुरात लाईट गेली की माणूस सवयीनं आधी बाहेर येऊन शेजाऱ्यांची आहे का ते बघतो. सगळ्या गल्लीची गेली असेल तर निश्चिंत होऊन खाटेवर पडायचं. मी बाहेर आलो. गल्लीत लखलखाट होता. अशा वेळी उजेड किती क्रूर दिसतो ते अनुभवल्याशिवाय कळणार नाही.

दुसऱ्या दिवशी आमचे वायरमनभाऊ आले. त्यांनी मला झापलं आणि पिशवीतून सिरीज बोर्ड काढला. एका लाकडी पाटीवर होल्डर, त्यात शंभरचा पिवळा बल्ब, एक सॉकेट. कुठलीही नवी-जुनी वस्तू थेट लावायची नाही, या बल्बातून लावायची. आत शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटतो आणि वस्तू वाचते; सगळं ठीक असेल तर बल्ब क्षणभर डोळे मिचकावून विझतो. जगातल्या सगळ्या महागड्या मीटरांपेक्षा मला हा बल्ब जास्त शहाणा वाटतो. सोयरीक जमवतानाही असं काही साधन असतं तर किती कपॅसिटर फुटायचे वाचले असते! नवा बोर्ड लावला, अभ्रक दोनदा तपासलं, बल्ब मिचकावला आणि विझला. वायरमनभाऊंनी हात जोडले. मी पण जोडले.

त्यानंतर आवाज आला, पण बास नाही. दोन्ही बाजूंना जुन्या म्युझिक सिस्टिमचे आठ इंची स्पीकर लावले होते. एकेक ऐकला तर दमदार, दोन्ही मिळून लावले आणि मधे बसलं की सगळा दम गायब. तासभर डोकं खाजवल्यावर लक्षात आलं, एकाच्या वायरी उलट्या. एक कोन बाहेर यायचा तेव्हा दुसरा आत जायचा. एक हवा ढकलायचा, दुसरा ओढायचा. दोघंही पूर्ण ताकदीनं राबत होते आणि पदरात शून्य. आमच्या भागात हा प्रकार समजावून सांगायला गणित लागत नाही, बांधावर नेऊन दोन सख्खे भाऊ दाखवले की पुरतं. तपासायची रीत सोपी आहे: दीड व्होल्टचा सेल घ्यायचा, त्याची टोकं स्पीकरच्या टोकांना टेकवायची, कोन बाहेर उडी मारेल तेव्हा सेलच्या अधिकला जे टोक लागलंय ते स्पीकरचं अधिक. तिथं लाल नेलपॉलिश लावून ठेवायचं. नेलपॉलिशची बाटली कपाटात परत ठेवायची, हेही त्या रीतीतच धरा.

वायरी सुधारल्या, बास आला, आणि त्याच्याबरोबर एक पाहुणा. गाणं बंद केलं तरी पेटीतून 'ऊंऽऽ' असा एकसुरी घुमारा चालूच. आई म्हणाली, "मशिनीत भुंगा शिरलाय." भुंगा पन्नास हर्ट्झचा होता, म्हणजे आपल्या विजेचा जो ठोका आहे त्याच ठोक्याचा. वायरमनभाऊंनी टेस्टर काढला, प्लगच्या तिसऱ्या मोठ्या भोकात घातला, भिंतीमागं कुठं वायर जाते ते शोधत बाहेर आले आणि अंगणात थांबले. वायर भिंतीतून बाहेर येऊन एका खिळ्याला गुंडाळलेली होती. खिळ्यावर दोरी होती आणि दोरीवर टॉवेल वाळत होता. बावीस वर्षं आमच्या घराचं अर्थिंग टॉवेलला दिलेलं होतं.

मग अंगणात खड्डा खणला. लोखंडी पाइप, कोळसा, मीठ, पुन्हा कोळसा, पुन्हा मीठ. आई बघत होती. "वास्तुशांत तर झालीये ना आपली?" सगळं भरून झाल्यावर वायरमनभाऊंनी शेवटची अट सांगितली: खड्ड्यात ओल पाहिजे, उन्हाळ्यात रोज बादलीभर पाणी. हे मराठवाड्यात, मार्च महिन्यात, टँकरची वाट बघणाऱ्या बाईसमोर बोलायचं वाक्य नव्हे. आईनं बादलीकडे पाहिलं, खड्ड्याकडे पाहिलं आणि माझ्याकडे पाहिलं. पण दुसऱ्या दिवशी फ्रिजला हात लावला की बसणारा झिणझिणीचा फटका बंद झाला. पंधरा वर्षं तो फ्रिजचा स्वभाव आहे असं समजून आम्ही चप्पल घालून दूध काढत होतो. भुंगाही गेला.

आता खरी परीक्षा. मोबाइलमधून वीस ते शंभर हर्ट्झचा सूर हळूहळू चढत जाईल अशी सोय करता येते. मी ती लावली आणि खुर्चीवर बसलो. अठ्ठावीसला काहीच नाही, नुसता कोन हलताना दिसतो. छत्तिसाला आजोबांच्या फोटोनं भिंतीवर टकटक सुरू केली. जिवंतपणीही त्यांना गाणं पसंत नव्हतं. एकेचाळिसाला लोखंडी कपाटाचं दार बोलायला लागलं. सत्तेचाळिसाला मांडणीवरची ताटं. बावन्नला मागच्या पडवीचा पत्रा असा थरथरला की बायको वाळवण उचलायला पळत बाहेर गेली. तिला गारपीट वाटली. प्रत्येक वस्तूला आपापला एक आकडा आहे आणि तो आल्याशिवाय ती तोंड उघडत नाही, हे पाहून मला आमच्या घरातल्या लग्नाच्या बैठका आठवल्या. बायकोनं मात्र कागद-पेन्सिल घेतली. पुढच्या रविवारी पत्र्याला नवे जे-हुक, कपाटाला बिजागरी, खिडकीच्या काचेला पुट्टी, फोटोच्या मागं रबराचा तुकडा आणि न्हाणीच्या दाराला कडी. मी सबवूफर बांधला होता. तिनं तो घराच्या डागडुजीला वापरला.

तरी मला स्वतःला बास पोटभर मिळत नव्हता, हे कुणाला सांगायची सोय नव्हती. चाळीस हर्ट्झची एक लाट साडेआठ मीटर लांब असते. माझी बैठकीची खोली बारा बाय दहा फूट. लाट खोलीत मावत नाही. खुर्ची ठेवतो त्या जागी तर ती स्वतःलाच खाऊन टाकते. सगळा आनंद कोपऱ्यात गोळा होतो, जिथं शिलाई मशिन ठेवलेलं आहे. आणि भिंतीतून ती अशी सहज जाते की विचारू नका. बारीक आवाज भिंतीला आपटून परत येतो, जाड आवाजाला भिंतीची पर्वा नसते. बास जन्मला माझ्या घरात, पण नांदायला शेजारी गेला.

शेजारी गुरुजी. निवृत्त मुख्याध्यापक, आणि कागद वाचल्याशिवाय भांडत नाहीत. तिसऱ्या संध्याकाळी ते हातात ध्वनिप्रदूषण नियम २००० ची छापील प्रत घेऊन आले. "निवासी क्षेत्र. दिवसा पंचावन्न डेसिबल, रात्री पंचेचाळीस. रात्र दहा ते सहा. खासगी जागेच्या हद्दीवर आसपासच्या मर्यादेपेक्षा पाचहून जास्त वाढ नको. वाचून दाखवू?" माझं काहीच म्हणणं नव्हतं. नियम योग्य आहे आणि सर्वोच्च न्यायालयानंही २००५ साली रात्रीच्या शांततेबद्दल सविस्तर बजावून ठेवलंय. डीजेच्या वाहनांना तो वाचून दाखवायला माणूस मिळत नाही, ही वेगळी गोष्ट.

आम्ही दोघं त्यांच्या स्वयंपाकघरात गेलो. ओट्यावर कपबशा किणकिणत होत्या. गुरुजींच्या नातवानं मोबाइलवर डेसिबल मोजायचं साधन काढलं. आकडा आला ४४.

गुरुजींनी मोबाइल हलवला. ४४. कपबशी उचलून मोबाइलशेजारी ठेवली. कपबशी नाचली, आकडा बसून राहिला.

यात लबाडी काहीच नव्हती. कायदा मोजतो तो डेसिबल 'ए'. माणसाच्या कानाला जाड आवाज मुळात कमी ऐकू येतो, म्हणून मोजणारं यंत्रही जाड आवाजातून आपणहून वजाबाकी करतं; चाळीस हर्ट्झला ही वजाबाकी पस्तीसच्या आसपास जाते. म्हणजे ऐंशीचा घुमारा यंत्राला पंचेचाळीस दिसतो. शिवाय मोबाइलचा कान एवढुसा; खालचे सूर त्याला निम्मे पोचतच नाहीत. माणूस कानानं ऐकतो असं गृहीत धरून यंत्र केलेलं आहे. गुरुजी ऐकत होते पोटानं आणि कपबशीनं. ही तरतूद नियमात नव्हती. मी हे त्यांना समजावून सांगितलं आणि सांगताना मला माझीच लाज वाटली, कारण कायद्यानं मी सुटत होतो आणि समोर कपबशी नाचत होती. गुरुजी बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "तुझ्या त्या डब्यावर मृदंग वाजतो का रे?"

हे मला माहीत असायला हवं होतं. गुरुजींचं अर्धं आयुष्य सप्ताहात गेलेलं. सराला बेटाच्या सप्ताहाला ते तरुणपणी सायकलवर जायचे, आणि स्वतः मृदंग वाजवायचे. त्यांना आत बोलावलं, शिलाई मशिन हलवून कोपऱ्यात खुर्ची दिली आणि भजनातल्या मृदंगाची एक जुनी ध्वनिफीत लावली. वाजवणारा डाव्या पुडीवर थाप मारायचा तेव्हा पेटीच्या नळीतून वारा यायचा आणि गुरुजींचं धोतर हलायचं. ते डोळे मिटून बसले होते. डाव्या हाताची बोटं गुडघ्यावर.

मृदंगाच्या डाव्या पुडीवर वाजवण्याआधी ओली कणीक थापतात. कणकेच्या वजनानं कातडं जड होतं, सूर खाली उतरतो. सत्तर वॅट, साडेतीन किलोचा ट्रान्सफॉर्मर, अठ्ठावन्न लिटर हवा आणि ऑस्ट्रेलियन गणित लावून मी जे करत होतो, ते आमच्याकडे घरोघरी परातीतून चिमूटभर पीठ मळून होत होतं. आणि वाजवून झालं की ती कणीक खरवडून गाईला घालतात. मला वाटलं आता शाबासकी मिळणार.

गुरुजींनी डोळे उघडले. "चांगलंय," म्हणाले. "पण कणीक कमी पडलीय."

त्याच रात्री मी पेटी उघडून नळी दीड इंचानं लांब केली. नळी लांब झाली की सूर खाली येतो. दुसऱ्या दिवशी गुरुजींना पुन्हा ऐकवलं. त्यांनी मान डोलावली आणि वेळापत्रक ठरवून दिलं: सोमवार ते शनिवार संध्याकाळी सात ते आठ, एकादशीला भजन, त्यांच्या नातवाची परीक्षा असेल तेव्हा बंद. त्यांच्या ओट्यावरच्या कपबशांखाली मी स्वखर्चानं रबरी चटई टाकून दिली.

एकंदर खर्च किती झाला ते बायकोला सांगितलेलं नाही; तिला सांगितलेला आकडा पीएमपीओच्या उलट पद्धतीनं काढलेला आहे. पेटीवर सध्या तिचा फुलदाणीचा विणलेला रुमाल आहे, आणि आई रोज सकाळी तांब्याभर पाणी तुळशीला घालते आणि कुरकुरत बादलीभर अर्थिंगला. तुम्हाला ऐकायला यायचं असेल तर जरूर या. सातला या, आठाच्या आत निघावं लागेल, आणि निघण्याआधी फोन करून गंगापुरात लाईट आहे का तेवढं विचारा.